बाबांचा अंगठा माझ्याच मॉडेलने ‘नकली’ ठरवला : खोटे ठसे, बनावट फोटो आणि मशीन लर्निंग

तळ्याकाठची
शनिवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. मी नौपाड्यात राहते, नोकरी ऐरोलीला. स्कॅनरवर टेकलेलं बोट जिवंत माणसाचं आहे की सिलिकॉनचं, कॅमेऱ्यासमोर चेहरा आहे की चेहऱ्याचा फोटो, हे ओळखणारी मॉडेल्स, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारे कॉम्प्युटर प्रोग्राम, तयार करायची, हे माझं काम. सहा वर्षं हेच करतेय आणि मनापासून करतेय.

माझे बाबा तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटला माथाडी होते. एकतीस वर्षं गोणी वाहिल्या. आता कोपरखैरण्याला माथाडी वसाहतीतच असतात. गेल्या महिन्यात रेशनला त्यांचा अंगठा लागेना, दोन हेलपाटे झाले. चाचणीसाठी दिलेला एक स्कॅनर त्या रविवारी माझ्याकडे होता. म्हटलं, नेमकं काय होतंय ते बघूया.

कोमट पाण्याने त्यांचे हात धुतले, टॉवेलने टिपले आणि अंगठा काचेवर ठेवायला सांगितला. स्क्रीनवर ठसा उमटला. रेषा होत्या, पण त्यांना छेदून जाणाऱ्या आडव्या पांढऱ्या चिरा होत्या, वाळलेल्या तळ्याला पडतात तशा. अंगठ्याच्या आतल्या बाजूला, गोणीचा कान पकडून ओढताना जिथे जोर येतो, तिथे रेषाच उरलेल्या नाहीत, गुळगुळीत पांढरा पट्टा. घामाची छिद्रं शोधूनही दिसेनात. मॉडेलचा स्कोअर आला ०.२२. आमचा थ्रेशोल्ड ०.५, त्याच्या खाली ते सगळं नकली. तीनदा घेतला, तीनदा तेच.

बाबा म्हणाले, “काय म्हणतंय गं?” मी म्हटलं, “मशीन जुनं आहे.”

मशीन नवीन होतं आणि मॉडेल मी शिकवलेलं होतं. तेव्हापासून हे इथे लिहायचं मनात होतं.

आधी ही तपासणी लागते कशाला ते सांगते. काचेच्या स्कॅनरमध्ये आतून प्रकाश टाकतात. बोटाच्या उंच रेषा काचेला टेकतात तिथला प्रकाश परत येत नाही, ती जागा काळी दिसते. मधल्या खाचांत हवा असते, त्या पांढऱ्या दिसतात. म्हणजे काचेला ‘इथे काहीतरी टेकलंय’ एवढंच कळतं. कातडी टेकली की जिलेटिन, याच्याशी तिला कर्तव्य नाही. २००२ साली योकोहामा नॅशनल युनिव्हर्सिटीच्या त्सुतोमु मात्सुमोतो यांनी जेलीच्या गोळ्यांत असतं तसल्या जिलेटिनची बोटं बनवून ११ प्रकारची यंत्रं तपासली, तेव्हा सगळीच कमीअधिक फसली. २०१३ मध्ये ब्राझीलमध्ये साओ पावलोजवळ एका डॉक्टरला सिलिकॉनच्या बोटांनी सहकाऱ्यांची हजेरी लावताना पकडलं. आपल्याकडे २०१८ मध्ये तेलंगणात एका सिमकार्ड विक्रेत्याने नोंदणी विभागाच्या वेबसाइटवरच्या दस्तांमधून लोकांचे अंगठे उचलले आणि त्यांचे नकली ठसे बनवून सिम सुरू केली. पुढे अशाच ठशांनी आधारवरून बँकेतले पैसे काढण्याचे प्रकार ठिकठिकाणी झाले. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. अंगठा कसा बदलणार?

म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये आधार प्राधिकरणाने ठशाची तपासणी दुहेरी केली. आधी बऱ्याच ठिकाणी ठशातले फक्त ‘बिंदू’ पाठवले जायचे, म्हणजे रेषा कुठे संपते, कुठे तिला फाटा फुटतो, त्या जागा. बिंदूंवरून माणूस ओळखता येतो, पण बोट जिवंत आहे का ते कळत नाही, कारण कातडीचा पोत त्यात उतरतच नाही. आता बिंदूंच्या जोडीला ठशाचं चित्रही जातं आणि मशीन लर्निंग त्या चित्रात जिवंतपणा शोधतं.

शोधतं म्हणजे काय बघतं? जिवंत बोटाच्या रेषेवर घामाची छिद्रं बारीक मण्यांसारखी ओळीने असतात, दोन-चार सेकंदांत ओल पसरते, रेषेची कड थोडी खडबडीत असते. फेविकॉलसारख्या गोंदाचा किंवा सिलिकॉनचा साचा करताना छिद्रं बुजतात, हवेचे बुडबुडे राहतात, कडा गुळगुळीत होतात, रेषा मध्येच तुटतात. मॉडेलला हजारो खरे आणि हजारो नकली ठसे दाखवले की हा फरक ते आपला आपण शिकतं.

आता बाबांचा अंगठा पुन्हा डोळ्यासमोर आणा. छिद्रं बुजलेली, रेषा तुटलेल्या, कडा झिजलेल्या. मॉडेलला ‘नकली’ची जी खूण शिकवली, तीच कष्टाने बाबांच्या हातावर उमटवून ठेवली आहे.

आमच्या क्षेत्रात दोन चुका मोजतात. नकली बोट खरं म्हणून आत गेलं ती एक, खरं बोट नकली म्हणून परत पाठवलं ती दुसरी. आयएसओ ३०१०७ या मानकात दोन्हींना वेगवेगळी नावं आहेत आणि दोन्ही वेगवेगळ्या मोजायच्या असतात. थ्रेशोल्ड वर नेला की पहिली चूक कमी होते, दुसरी वाढते. तो आकडा मशीन ठरवत नाही, मीटिंगमध्ये बसलेली माणसं ठरवतात. त्यांत मीही असते. पहिल्या चुकीने बँकेचे पैसे जातात, म्हणून तिच्यावर तासन्‌तास चर्चा होते. दुसऱ्या चुकीने कोणाचा तरी हेलपाटा होतो आणि तो हेलपाटा आमच्या कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

इथे कोणाला असे अनुभव आलेत का? अंगठा लागत नाही, चेहरा ओळखत नाही, किंवा फोटोत फेरफार करून कोणाला अडकवलंय? लिहा. मला समजेल तेवढं सांगते.

चरईकर
शनिवार, रात्री ११:२५

वाचून गलबलून आलं. तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा.

मी पेन्शनर, वय ७४. हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून होतो, बँकेच्या रांगेतून सुटका झाली हे चांगलंच. पण नोव्हेंबरमध्ये ते ॲप मला सारखं डोळे मिटा-उघडा सांगत होतं आणि नाही म्हणत होतं. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. शेवटी नातवाने मला गॅलरीत नेलं तेव्हा पाचव्या वेळी झालं. डोळे मिटण्याचा आणि मी हयात असण्याचा संबंध काय?

तळ्याकाठची
रविवार, सकाळी ८:१०

काका, नमस्कार नक्की सांगते.

कोणी तुमचा छापील फोटो कॅमेऱ्यासमोर धरला तर फोटो पापणी मिटत नाही, एवढा साधा विचार त्यामागे आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ऑल्बनी विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं होतं की तेव्हाच्या बनावट व्हिडिओंतली माणसं पापण्याच नीट मिटत नाहीत, कारण मॉडेल शिकवायला वापरलेल्या फोटोंत मिटलेले डोळे जवळजवळ नसतातच. ते प्रसिद्ध झाल्यावर बनवणाऱ्यांनी ती उणीव लवकरच भरून काढली. म्हणून आता नुसत्या पापणीवर विसंबून चालत नाही.

दुसऱ्या मोबाइलवर व्हिडिओ लावून समोर धरला, तर त्या स्क्रीनचे ठिपके आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरचे ठिपके एकमेकांवर पडून लाटांसारखी नक्षी उमटते. मच्छरदाणीचे दोन पदर एकावर एक धरले की दिसते तशी. मॉडेल ती हेरतं. मला सगळ्यांत सुंदर वाटते ती रक्ताची खूण. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला चेहऱ्यात रक्त येतं-जातं आणि त्वचेचा रंग अगदी किंचित बदलतो, हिरव्या प्रकाशात सर्वांत स्पष्ट. डोळ्याला दिसत नाही, पण साध्या कॅमेऱ्याच्या व्हिडिओतून नाडी मोजता येते. कागदाला आणि मुखवट्याला नाडी नसते. पण या सगळ्याला उजेड लागतो. नातवाने केलं ते अगदी बरोबर. पुढच्या वेळी सकाळी खिडकीकडे तोंड करून बसा, पाठीमागून उजेड नको, चष्म्यावर चकाकी येत असेल तर तो काढा.

घोडबंदर_सेक्रेटरी
रविवार, सकाळी ११:०२

ताई, धागा अगदी वेळेवर आलाय. आमच्या सोसायटीत परवा एकाने ग्रुपवर फोटो टाकला : वॉचमन काका खुर्चीत झोपलेले, फोटोवर कोपऱ्यात वेळेचा शिक्का ०२:४१. ड्युटीवर झोपतात म्हणून कमिटीने त्यांचे आठ दिवसांचे पैसे कापले. ते बिचारे रडकुंडीला येऊन सांगतात, रात्री झोपलो नाही. फोटो खरा की खोटा हे सांगणारी वेबसाइट आहे का? एका साइटवर टाकला तर सगळीकडे चमकणारे डाग दाखवले आणि ‘फेरफाराची शक्यता’ असं आलं. तेच पुढे करावं का?

तळ्याकाठची
रविवार, दुपारी १२:१५

दादा, ते डाग पुरावा म्हणून पुढे करू नका, वॉचमन काकांच्या बाजूनेसुद्धा. उद्या त्याच साइटवर तुमचा खरा फोटो टाकला तरी असेच डाग दिसतील. ती पद्धत फोटो पुन्हा एकदा सेव्ह करून कुठे किती फरक पडला तो दाखवते, आणि ठळक कडा, अक्षरं, जाळी यांच्याभोवती फरक नेहमीच जास्त पडतो.

जेपेग फोटो ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनांत दाबून साठवलेला असतो. फोटोत बाहेरून काही चिकटवलं की त्या तुकड्याचे चौकोन आजूबाजूच्या चौकोनांशी जुळत नाहीत, दोनदा दाबल्याच्या खुणा राहतात. शिवाय प्रत्येक कॅमेऱ्याच्या सेन्सरला स्वतःचा बारीक असमानपणा असतो, तो त्याच्या प्रत्येक फोटोत उतरतो. बिंगहॅमटन विद्यापीठाच्या जेसिका फ्रिड्रिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये त्यावरून कॅमेरा ओळखून दाखवला. चिकटवलेल्या जागी तो ठसा तुटतो. मॉडेल्स हेच शोधतात. पण व्हॉट्सॲपवरून फोटो गेला की तो लहान होतो, नव्याने दाबला जातो, आतली तारीख-वेळेची माहिती पुसली जाते. चार ग्रुप फिरून आलेल्या फोटोत शोधायला फारसं काही उरत नाही.

त्यामुळे पहिलं काम मूळ फाइल मागणं. ज्या मोबाइलने काढला त्यातूनच, आणि ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. तोवर साध्या डोळ्यांनी फोटो बघा. रात्रीचे पावणेतीन असतील तर गेटचा दिवा लागलेला हवा. सावली कुठल्या बाजूला आहे? अंधारात मोबाइलचा फोटो दाणेदार येतो, इथे स्वच्छ आहे का?

कोर्टनाका
रविवार, दुपारी १२:४०

ठाणे कोर्टात वकिली करतो म्हणून पुरवणी जोडतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारी खूण. एक पिक्सेल बदलला तरी ती बदलते. फॉरवर्ड झालेल्या फोटोची हॅश मूळ फोटोशी जुळणारच नाही. तेव्हा मूळ मोबाइल, मूळ फाइल जपा.

आणि सेक्रेटरीसाहेब, कोर्ट राहू द्या बाजूला. माणसाचं म्हणणं न ऐकता पैसे कापणं मला पटत नाही.

करारवाला_नेरूळ
रविवार, दुपारी ३:३०

मी लिव्ह अँड लायसन्सचे करार करतो. थम मशीन आणि वेबकॅम घेऊन लोकांच्या घरी जातो, सीवूड्स ते खारघर. ताईंनी तेलंगणाचं लिहिलंय ते वाचून एक सांगावंसं वाटलं. नोंदणी झालेल्या दस्ताच्या शेवटी ‘गोषवारा भाग २’ असतो, त्यावर पक्षकाराचा फोटो आणि अंगठा छापलेला असतो. लोक अख्खा पीडीएफ सोसायटीच्या ग्रुपवर, गॅस एजन्सीला, ब्रोकरला बिनधास्त पाठवतात. मी आता प्रत्येकाला सांगतो, जिथे नुसता पत्ता दाखवायचाय तिथे ते पान देऊ नका, आणि मागितलंच तर अंगठा झाकून द्या.

आणि वय झालेल्या बायकांचे अंगठे लागत नाहीत हा माझा रोजचा अनुभव. आयुष्यभर भांडी घासून रेषा गेलेल्या असतात. मी घाई करत नाही. हात धुवायला सांगतो, थोडं खोबरेल लावून पुसून घ्यायला सांगतो, मग दुसरं बोट बघतो.

तळ्याकाठची
रविवार, दुपारी ४:०५

दादा, तुमच्यासारखी थांबणारी माणसं पाहिजेत. तेल मात्र पूर्ण पुसलं जाईल एवढं बघा, काचेवर थर राहिला तर पुढच्या माणसाचा ठसा बिघडतो.

सगळ्यांसाठी : आधार प्राधिकरणाच्या ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक आहे. ते लावलं की तुमच्या अंगठ्याने, खऱ्या किंवा नकली, आधार पडताळणी होतच नाही. गरज असेल तेव्हा तात्पुरतं उघडायचं. ज्यांना रेशनला दर महिन्याला अंगठा द्यावा लागतो त्यांना हे उघडणं-लावणं कोणीतरी शिकवून ठेवा, नाहीतर तिथे अडकतील. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. आणि अंगठा लागला नाही एवढ्यावरून धान्य नाकारायचं नाही, दुसरी सोय ठेवायची, असं आधार प्राधिकरणाचंच ऑक्टोबर २०१७ चं परिपत्रक आहे. बाबांच्या दुकानदारांना मी ते छापून दिलं. ते भले गृहस्थ आहेत, त्यांनाही माहीत नव्हतं.

दिघा_लोकल
रविवार, रात्री ९:१८

ताई, मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट हाच घेतलाय. नकली ठशांवर आमच्या मॉडेलची अचूकता ९९ टक्के येतेय. तरी तुम्ही म्हणता चुका होतात. आम्ही काय वेगळं केलं?

तळ्याकाठची
रविवार, रात्री १०:०२

आधी एक तपास. एकाच माणसाच्या बोटाचे काही ठसे ट्रेनिंगला (मॉडेल शिकवायला) आणि काही टेस्टला (ते तपासायला) गेलेत का? गेले असतील तर मॉडेलने माणसं पाठ केली आहेत. विभागणी माणसांप्रमाणे कर. मग नकली ठसे कशाचे आहेत ते बघ. जिलेटिन आणि लॅटेक्सवर शिकवलंस तर टेस्टला लाकडाचा गोंद दे, जो त्याने पाहिलेलाच नाही. लिव्हडेट नावाची स्पर्धा २००९ पासून होते, त्यात २०१५ पासून मुद्दाम न पाहिलेली द्रव्यं टेस्टला देतात, कारण भामटा आपल्या डेटासेटमधला, म्हणजे जमवलेल्या नमुन्यांतला, गोंद विकत घ्यायला बांधलेला नाही.

बनावट व्हिडिओंचं तेच. २०२० मध्ये फेसबुकच्या डीपफेक ओळखण्याच्या स्पर्धेत दोन हजारांहून जास्त लोक उतरले. सर्वांना दिसणाऱ्या टेस्टवर सर्वोत्तम मॉडेल ८२.५६ टक्क्यांपर्यंत गेलं. लपवून ठेवलेल्या व्हिडिओंवर पहिला आलेला होता ६५.१८ टक्क्यांवर. निम्मं तर नाणं उडवूनही येतं.

आणि माझी कळकळीची विनंती. तुमच्या डेटासेटमधली ‘खरी’ बोटं कोणाची आहेत? कॉलेजच्या मुलांची असतील. आमच्याही बहुतेक तशीच होती. ऑफिसमधली, तिशीच्या आतली, कीबोर्डवर चालणारी बोटं. मॉडेलने जिवंत बोट म्हणून तेवढंच पाहिलं. तुझ्या अहवालात एक तक्ता वाढव : वय आणि काम यांनुसार खरी बोटं किती वेळा नाकारली. आकडा वाईट आला तरी छाप.

घोडबंदर_सेक्रेटरी
बुधवार, रात्री ९:५०

वॉचमन काकांचं कळवतो. ज्यांनी फोटो टाकला होता त्यांनी मूळ फाइल दिलीच नाही, डिलीट झाली म्हणाले. पण ताईंनी सांगितलं तसं फोटोकडे नीट बघितलं. गेटचा दिवा बंद, आणि खुर्चीच्या पायाशी गुलमोहराच्या फांदीची सावली. रात्री पावणेतीनला तिथे फांदीची सावली कुठून येणार? मग आमच्या खजिनदारांना आठवलं, तोच फोटो त्यांना आदल्या दिवशी दुसऱ्या ग्रुपवर आला होता. शोधला. त्यावर वेळेचा शिक्काच नव्हता. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीतला फोटो होता.

कापलेले पैसे परत दिले. कमिटीने काकांना ऑफिसात खुर्चीवर बसवून, चूक आमची झाली, असं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, “साहेब, ग्रुपवर पण लिहा.” तेही लिहिलं.

तळ्याकाठची
गुरुवार, सकाळी ७:५५

दादा, लोकलमध्ये हे वाचलं आणि डोळे भरून आले. फार चांगलं केलंत.

माझ्याकडचंही सांगते. ऑफिसात बाबांचा ठसा त्यांच्या परवानगीने दाखवला, सगळं मांडलं. माथाडी, घरकाम करणाऱ्या, मासळी विकणाऱ्या, बांधकामावरच्या लोकांचे खरे ठसे गोळा करून मॉडेल नव्याने शिकवायला मंजुरी मिळाली आहे. सुरुवात बाबांच्या जुन्या टोळीपासून करणार.

वाशी_सेक्टर_नऊ
गुरुवार, सकाळी १०:३०

हेतू चांगला आहे, पण मला काळजी वाटते. ठसे चोरीला जातात म्हणून हा धागा सुरू झाला आणि शेवटी ज्यांना नाही म्हणता येत नाही अशाच लोकांचे ठसे एका कंपनीकडे जमा होणार. तुमच्या शब्दाखातर ते अंगठा देतील. उद्या तो डेटा फुटला तर बदलून देणार का त्यांना दुसरा अंगठा?

तळ्याकाठची
गुरुवार, रात्री १०:४५

तुमचा प्रश्न दिवसभर डोक्यात होता. अंगठा बदलून देता येणार नाही. त्यामुळे जे ठरवलंय ते इथे लिहिते, कुठे चुकतंय ते सांगा.

ठशासोबत नाव, फोन, आधार क्रमांक काहीही घ्यायचं नाही. फक्त वय आणि कामाचा प्रकार. आम्हाला पूर्ण ठसा लागतच नाही. जिवंतपणा ओळखायला ठशाचे छोटे तुकडे पुरतात, ते तुकडे क्रम मोडून ठेवायचे आणि पूर्ण चित्र तिथल्या तिथे पुसायचं. मशीन इंटरनेटला जोडलेलं नसेल. आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही. मजुरी बुडणार म्हणून भरपाई द्यायची आहे, पण ती ठसा दिला न दिला तरी द्यायची, नाहीतर पैशासाठी हो म्हणतील. ही अट मी घातली, ती मान्य व्हायला दोन दिवस लागले.

संमतीपत्र कंपनीकडून इंग्रजीत आलंय, साडेतीन पानांचं. बाबांना वाचून दाखवायला बसले. पहिल्या परिच्छेदाचा मराठी अर्थ मलाच धड सांगता येईना.

कोर्टनाका
गुरुवार, रात्री ११:२०

मसुदा मला पाठवा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही संमतीची सूचना सोप्या भाषेत हवी आणि ती मराठीतही मिळण्याचा पर्याय हवा, असं आहे. एका पानात बसवू, अक्षर मोठं ठेवू. रविवारी सकाळी कोपरखैरण्याला येतो. आधी तुमच्या बाबांना वाचून दाखवू. ते जिथे अडतील ते वाक्य बदलू.